आधी कड वाचा

पहिल्या महायुद्धातलं ब्रिटिश वॉर मेडल घ्यायचं म्हणताय, तर राजाचा चेहरा नंतर बघा, आधी कड फिरवून वाचा. तिथं शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. नंबर सोडू नका. एकाच नावाचे अनेक शिपाई एका पलटणीत सापडतात. कडेवरचं जुनं नाव घासून दुसरं कोरलेलं असेल तर व्यास किंचित कमी भरतो, मूळ ३६ मिलिमीटर. व्हर्नियर कॅलिपर जवळ असू द्या. आणि कृपा करून चांदी चकाकवू नका! पॉलिशनं अक्षरं झिजतात, किंमतही उतरते.

आता खरी मजा. पलटण ११०वी मराठा लाइट इन्फंट्री निघाली, तर ती इराकमधल्या कूत-अल-अमारा इथं तुर्कांच्या वेढ्यात अडकली होती. २९ एप्रिल १९१६ रोजी तिथल्या ब्रिटिश-हिंदी फौजेनं शरणागती पत्करली. शिपाई युद्धात मरण पावला असेल तर युद्धमृतांची नोंद ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत शोधा, फुकट आहे. पुष्कळ नोंदींत वडिलांचं नाव, गाव, जिल्हा मिळतो. इंग्रजी स्पेलिंग मात्र दोन-चार तऱ्हांनी टाकून बघा. जिवंत परतलेला त्या यादीत नसतो. मग गाव दुसरीकडून कळलं तर तिथं महायुद्धाची संगमरवरी पाटी आहे का, चौकशी करा. सातारा-रत्नागिरीकडे अशा पाट्या आहेत, पण बहुतेकींवर नावं नसतात, नुसते आकडे.