वाळवंटातली बाग : वाचकांचे प्रश्न

(कॅलिफोर्नियाच्या कोचेला खोऱ्यात बागा उभारण्याचा परवाना असलेले, मूळचे सांगोल्याचे एक कंत्राटदार या वेळी उत्तरे देत आहेत.)

प्रश्न : माझ्या मुलीने राहुरीच्या कृषी विद्यापीठाची उद्यानविद्येची पदवी घेतली आहे. लग्नानंतर ती कॅलिफोर्नियात इंडिओ गावी गेली. काम करण्याची परवानगी तिला मिळाली आहे आणि लोकांच्या घरच्या बागा करून देण्याचा व्यवसाय करायचा असे तिच्या मनात आहे. त्याला परवाना लागतो म्हणे. तिच्या पदवीचा काही उपयोग होईल का?
— एक आई, श्रीरामपूर

उत्तर : ताई, होईल, आणि चांगला होईल. इथे हा परवाना राज्याचे काँट्रॅक्टर्स स्टेट लायसन्स बोर्ड देते. आमच्या कामाचा वर्ग ‘सी-२७’. त्यासाठी गेल्या १० वर्षांतला ४ वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो, आणि तो नुसत्या मदतनिसाचा चालत नाही. कोणी डोक्यावर उभे न राहता काम पार पाडता येते, अशा कारागिराचा हवा. उद्यानविद्येची चार वर्षांची पदवी असेल तर यातल्या ३ वर्षांपर्यंतची सूट मिळू शकते. पदवी परदेशातली असल्याने गुणपत्रकांचे मूल्यांकन करून घ्यावे लागेल. उरलेले किमान एक वर्ष मात्र प्रत्यक्ष कामावरच काढायचे. त्या कामाची साक्ष माहीतगार माणसाने सहीनिशी द्यावी लागते, म्हणून ती ज्यांच्याकडे काम करेल त्यांच्याकडे तारखा आणि कामांच्या नोंदी पहिल्या दिवसापासून ठेवायला सांगा.

पुढे दोन परीक्षा असतात, एक कायदा आणि व्यवहाराची, दुसरी बागकामाची. बोटांचे ठसे द्यावे लागतात. शिवाय २५,००० डॉलरचा बाँड लागतो. आकडा ऐकून घाबरू नका, एवढी रक्कम भरायची नसते. हमी देणाऱ्या कंपनीला हप्ता द्यायचा असतो.

तोवर ‘छोटी छोटी कामे करू’ असे तिला कोणी सुचवेल. मजुरी आणि सामान धरून १,००० डॉलरच्या आतले, सरकारी मंजुरी न लागणारे आणि कोणी मजूर न लावता केलेले काम तेवढे २०२५ पासून परवान्याविना चालते. त्यापुढे नको. परवाना नसलेल्याने काम कितीही सुबक केले तरी गिऱ्हाईकाने पैसे बुडवल्यास कोर्टात मागता येत नाहीत, उलट दिलेले पैसे गिऱ्हाईक परत मागू शकते. परवाना मिळाल्यावरही घरगुती कामाची उचल १,००० डॉलर किंवा एकूण रकमेच्या १० टक्के, यांतले जे कमी असेल तेवढीच घेता येते. मला हा नियम पटतो. पहिल्या दिवशी निम्मे पैसे घेऊन गायब होणाऱ्यांनी या धंद्याचे नाव फार खराब केले आहे.

आता मला मनापासून सांगायचे आहे ते पाण्याचे. इंडिओला वर्षाचा पाऊस जेमतेम ३ इंच. सांगोल्याला आपण दुष्काळी तालुका म्हणतो, पण तिथला पाऊसही याच्या कितीतरी पट आहे. आमच्याकडे डाळिंबाला ठिबक असते तसेच इथे घरच्या बागेला असते, म्हणून तिला वाटेल हे तर आपल्याला येतेच. पण जमीन वेगळी आहे. काळ्या मातीत पाणी आडवे पसरते, इथल्या वाळूत ते सरळ खाली उतरते. एका ड्रिपरने झाडाची एकच बाजू भिजते. ड्रिपर जास्त लागतात, आणि झाड वाढेल तसे ते खोडापासून लांब सरकवावे लागतात. हे कोणी करत नाही. पालो व्हर्डे नावाचे पिवळ्या फुलांचे देखणे झाड दारोदार लावलेले दिसेल. खोडाशी रोज थोडे थोडे पाणी मिळाले की त्याची मुळे वरच्या वर राहतात, आणि वसंतात सॅन गॉर्गोनिओ खिंडीतून वारा सुटला की झाड मुळासकट आडवे होते. दोष वाऱ्याला देतात! पाणी कमी वेळा, पण खोलवर द्यायचे. त्याने मुळे खाली जातात आणि पाण्यातले क्षारही धुऊन जातात.

खडी पसरली म्हणजे पाणी लागत नाही, हाही समज तिने गिऱ्हाईकाच्या डोक्यातून काढायला हवा. वाळवंटी झाडालाही रुजेपर्यंत, निदान पहिले दोन उन्हाळे, नेमाने पाणी द्यावे लागते.

हिरवळीचेही एक सांगतो. इथली लॉन बहुतेक बर्म्युडा गवताची, म्हणजे आपली हरळीच, गणपतीला वाहतो ती. उन्हाळ्यात ती मजेत असते, थंडीत तपकिरी पडते. थंडीत तर कॅनडापासूनचे पाहुणे येणार, म्हणून ऑक्टोबरच्या सुमारास हरळी अगदी खरवडून वर राय गवताचे बी टाकतात आणि ते उगवेपर्यंत दिवसातून अनेकदा पाणी मारतात. घरासमोर कोणी बसत नाही, मूल खेळत नाही, अशा हिरवळीसाठी हे करणे मला बघवत नाही. ती काढायला पाणीपुरवठा संस्था अनुदान देतात, पण मंजुरीआधी गवत उपटले तर अनुदान हातचे जाते. ही एवढी गोष्ट तिने प्रत्येक गिऱ्हाईकाला पहिल्या भेटीत सांगावी.

प्रश्न : तिथल्या उन्हाळ्यात माणसे बाहेर काम कशी करतात?
— निवृत्त शिक्षक, जळगाव

उत्तर : सर, जळगावच्या माणसाला उन्हाचे मी काय सांगावे! तरी ५ जुलै २०२४ ला पाम स्प्रिंग्जला १२४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ५१ सेल्सिअसचा विक्रम झाला. उन्हाळ्यात आम्ही उजाडताच सुरू करतो आणि दुपारच्या आत आवरतो. कायद्याने माणशी तासाला साधारण एक लिटर पाणी, ८० अंश फॅरनहाइटच्या वर सावली आणि ९५ च्या वर जास्तीची देखरेख बंधनकारक आहे. नव्या माणसाची पहिले काही दिवस विशेष काळजी घ्यायची, कारण शरीराला सवय नसते. माझ्या क्रूमधले बहुतेक जण मेक्सिकोचे, उन्हात वाढलेले. त्यांनाही चक्कर येऊ शकते, हे मालकाने विसरू नये. झाड सोमवारी लावायचे ते गुरुवारी लावले तर काही बिघडत नाही. मोठी लागवड तर मी ऑक्टोबरनंतरच घेतो.

प्रश्न : मुलाने पाम डेझर्टला घर घेतले आहे. येताना कढीपत्त्याचे रोप आणू का?
— एक आजी, ठाणे

उत्तर : आजी, कृपा करून आणू नका, पानेसुद्धा नको. कढीपत्त्यावर सायला नावाची बारीक कीड राहते आणि ती लिंबूवर्गीय झाडांचा ग्रीनिंग रोग पसरवते. नागपूरचे संत्रा बागायतदार तिला चांगले ओळखतात. या खोऱ्यात लिंबू आणि ग्रेपफ्रूटच्या बागा आहेत, म्हणून रोपांच्या ने-आणीवर निर्बंध आहेत. मुलाला इथल्याच परवानाधारक नर्सरीतून लेबल असलेले रोप घ्यायला सांगा. कुंडीत लावा, दुपारच्या उन्हाला आडोसा द्या आणि थंडीत कुंडी भिंतीशी ठेवा. मोगराही असाच कुंडीत येतो. बोगनवेल मात्र थेट जमिनीत लावा, तिला इथले ऊन फार मानवते.