जुलाब थांबले, लघवीही थांबली

प्रश्न : आमच्या वाडीतल्या चार वर्षांच्या मुलाला गणपतीनंतर रक्ताची आव झाली. सहाव्या दिवशी जुलाब थांबले, सगळे निर्धास्त झाले. मग पोर पांढरंफटक पडलं, लघवी होईना. कोल्हापूरला नेऊन डायलिसिस करावं लागलं. दुखणं पोटाचं, ते किडनीपर्यंत गेलं कसं?
— एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर : आवेचा एक शिगेला जंतू आणि ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूच्या काही जाती 'शिगा' विष तयार करतात. (कियोशी शिगा यांनी १८९७ साली जपानमध्ये हा जंतू शोधला, त्यांचंच नाव.) विष आतड्यातून रक्तात उतरतं आणि किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्यांचं अस्तर खराब करतं. तिथे गुठळ्या धरतात, त्यात प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) खर्ची पडतात, आणि त्या चिंचोळ्या वाटेतून जाताना लाल पेशी फाटतात. हाच हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम.

जुलाब सुरू झाल्यापासून साधारण ५ ते १० दिवसांनी, बहुधा जुलाब ओसरतानाच, हे उघड होतं. म्हणून शौचात रक्त दिसलं की पुढचे दोन आठवडे लघवीवर नजर ठेवा. पाणी पोटात टिकत असूनही आठ तास लघवी नाही, ओठ फिके, डोळ्यांभोवती सूज, अंगावर जांभळे ठिपके, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञ गाठा. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), रक्ताची स्लाइड, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि लघवीची तपासणी लागते. स्लाइडवर फाटक्या लाल पेशी दिसतात.

आपल्याकडे पावसाळ्यात प्लेटलेट उतरल्या की डेंग्यू आणि किडनी बिघडली की लेप्टो (उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस), असं पटकन मनात येतं. तेव्हा 'आठवड्यापूर्वी रक्ताची आव होती' हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपणहून सांगा.

लोपेरामाइडसारखी जुलाब बांधणारी गोळी किंवा आयबुप्रोफेन (ताप-दुखण्याचं औषध) देऊ नका. उरलेलं अँटिबायोटिकही नको: शिगेलात ते लागतं, पण विषारी ई. कोलायमध्ये धोका वाढवू शकतं. शौचाचा नमुना पहिल्या डोसआधी द्यावा. ओआरएसचं मोठं पाकीट अख्खं एक लिटर पाण्यातच घाला. मात्र लघवी बंद झाल्यावर आपल्या मनाने पाजत राहिलात तर पाणी फुप्फुसात साचतं.

बहुतेक मुलं सावरतात. तरी रक्तदाब आणि लघवीतलं प्रथिन पुढे काही वर्षं तपासत राहावं लागतं.

प्रश्न : विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) किती घालावं?

उत्तर : हजार लिटरला अडीच ग्रॅम. दोन मीटर व्यास, तीन मीटर पाणी, म्हणजे सुमारे ९४०० लिटर. त्याला २५ ग्रॅम. बादलीत कालवून दहा मिनिटं निवळू द्या, वरची निवळी विहिरीत सोडा, खालचा चुना टाकून द्या. तासाभराने पाणी भरा. उघड्या पिशवीतली दमट पावडर निकामी झालेली असते.