शाळेला दोन कुलपं, मग कोर्ट शाळा सरकारला घ्यायला लावेल का?

प्रश्न: नमस्कार वकीलसाहेब. आम्ही तासगाव तालुक्यातल्या एका गावातले पालक. गावात पाचवी ते दहावी अनुदानित शाळा आहे, खासगी संस्थेची. संस्थेत दोन पार्ट्या पडल्यात आणि दोघंही म्हणतात खरं संचालक मंडळ आमचंच. जूनमध्ये हेडमास्तरांच्या ऑफिसला एका पार्टीनं कुलूप घातलं, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पार्टीनं त्याच कडीला आपलं घातलं. जनरल रजिस्टर आत, दाखले आत, शिक्का पण आत. पोरं शिकतायत पण दाखला कुणाला मिळत नाही. मास्तरांचा पगार सरकारच देतं, म्हणजे शाळा सरकारचीच झाली की. मग हायकोर्टात जाऊन "सरकारनं शाळा ताब्यात घ्यावी" असा आदेश मिळेल का? आता बेंच कोल्हापूरलाच आहे, मुंबईची एसटी पण नको.

उत्तर: नमस्कार. तुमचं पत्र वाचलं आणि त्या कडीला लोंबणारी दोन कुलपंच डोळ्यासमोर आली. बेंचचं म्हणाल तर खरंय, 2025 च्या ऑगस्टपासून सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गचं कामपण कोल्हापूरलाच चालतं, त्यामुळं वकील आणि भाडं दोन्ही जवळ आलंय. पण आदेश तुम्ही म्हणताय तसा मिळणार नाही बघा, म्हणजे "ताब्यात घ्या" असा थेट तर नाहीच.

आधी तो पगाराचा गैरसमज काढून टाका, आमच्या पारावर पण हेच ऐकायला मिळतं. सरकार पगार देतं ते अनुदान म्हणून, मालक म्हणून नाही. इमारत, जागा, बाकं, घंटा सगळं ट्रस्टचं. गावातल्याच कुणीतरी एकेकाळी दोन एकर दान दिलेली असते ती पण ट्रस्टच्याच नावावर. आणि घटनेच्या कलम 300अ नुसार कायद्याच्या आधाराशिवाय कुणाची मालमत्ता काढून घेता येत नाही, ट्रस्ट असला तरी. शिवाय 2002 मध्ये टी.एम.ए. पै केसमध्ये सुप्रीम कोर्टाच्या 11 न्यायाधीशांनी सांगितलंय की शिक्षणसंस्था काढणं आणि चालवणं हा कलम 19 खालचा हक्क आहे, त्यावर वाजवी बंधनं घालता येतात एवढंच. अल्पसंख्याक संस्था असेल तर कलम 30 पण आडवं येतं.

मग सरकारला अशी शाळा घेताच येत नाही का? येते की. घटनेतच कलम 31अ मध्ये मर्यादित काळासाठी व्यवस्थापन हातात घेण्याच्या कायद्याला संरक्षण आहे आणि आपल्याकडं त्यासाठी 1976 चा महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (व्यवस्थापन) कायदा पण आहे. पण घ्यायची का नाही हे ठरवायचं सरकारनं, कारण त्यात पैसा, माणसं, जबाबदारी सगळं आलं आणि वर्षाचं बजेट काय न्यायाधीश मांडत नाहीत. बिहारनं 1981 च्या कायद्यानं खासगी हायस्कुलं घेतली, ती विधानसभेनं घेतली, कोर्टानं नाही.

हायकोर्ट घटनेच्या कलम 226 खाली सरकारला आदेश देतं तो कधी, तर जे करणं सरकारला कायद्यानं बंधनकारक आहे ते सरकार करत नाही तेव्हा. "करू शकेल" आणि "केलंच पाहिजे" यातला फरक इथं नडतो. माझ्याकडं मागं एका गावची अशीच याचिका होती, लोकांनी हट्टानं ताब्यात घ्या एवढंच मागितलं, न्यायाधीश साहेबांनी पहिलाच सवाल टाकला, कुठल्या कलमाखाली? आणि पुढं, सरकारला अर्ज केलाय का? दोन्हीला उत्तर नव्हतं. मी आधीच सांगितलं होतं पण ते जाऊ दे.

तुम्ही मागा वेगळं. आधी जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्याला अर्ज द्या, एक कॉपी कोल्हापूरच्या शिक्षण उपसंचालकाला, आणि आवक नंबरचा शिक्का मारून घ्या, शिक्का नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजतात. अर्जात लिहा की 1976 च्या कायद्याखाली व्यवस्थापन घ्यायचा विचार करा, आणि तोपर्यंत दाखले द्यायची सोय लावा. काही झालं नाही तर मग कोर्टात मागायचं की अमुक आठवड्यात या अर्जावर कारणं देऊन निर्णय घ्या. हे कोर्ट देतं, सहसा देतं. निर्णय "नाही" आला आणि कारणं फालतू असली तर तो रद्द करून परत विचार करायला पण सांगतं. पण सरकारच्या जागी बसून "हो" म्हणत नाही.

कोण खरं संचालक हा वाद मात्र धर्मादाय आयुक्तांकडंच मिटणार, तिथं चेंज रिपोर्ट, म्हणजे ट्रस्टी बदलल्याची नोंद करायचा अर्ज, पडून असणार नक्की. ट्रस्टींचा गैरकारभार दाखवता आला तर त्यांना निलंबित करायची किंवा काढायची तरतूद महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या (ट्रस्टच्या कायद्याच्या) कलम 41ड मध्ये आहे, वेळ लागतो पण गाव शांत बसण्यापेक्षा बरं. आणि ते "रयतला (रयत शिक्षण संस्थेला) देऊन टाका" म्हणणारे असतातच, आमच्या साताऱ्याकडं तर जास्तच. शाळा दुसऱ्या संस्थेकडं जाऊ शकते, पण देणारी आणि घेणारी दोघांची तयारी पाहिजे आणि खात्याची मंजुरी पण. देणारी कोण तेच तुमच्याकडं ठरलेलं नाही.

प्रश्न: मुलगी कोरेगावात इंग्लिश मीडियमला सातवीत आहे, विनाअनुदानित शाळा. मालक म्हणतात परवडत नाही, मार्चनंतर बंद. कोर्टानं सरकारला ती चालवायला सांगितली तर?

उत्तर: इथं तर अजून अवघड. जी शाळा सरकारनं काढली नाही, जिला रुपया दिला नाही, ती सरकारनं चालवावी असा हक्क तुम्हाला कुठल्या कायद्यात सापडणार? केरळात 2016 ला कोझिकोडजवळ मलापरंबची शाळा मालकाला बंद करायची होती, ती तर अनुदानित होती, तरी तिथल्या हायकोर्टानं बंद करायचाच आदेश दिला, आणि ती वाचवली ती सरकारनं स्वतः निर्णय घेऊन. त्यांच्या 1958 च्या शिक्षण कायद्यात शाळा घ्यायची तरतूदच आहे. म्हणजे तिकडं पण कोर्टानं घ्या म्हटलं नव्हतं.

तुमच्या हातात काय आहे तर आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायदा. 6 ते 14 वयाच्या पोरांना जवळच्या शाळेत शिकवायची जबाबदारी सरकारची आणि झेडपीची आहे, आणि ही "केलंच पाहिजे" मधली आहे, त्यासाठी कोर्ट आदेश देतं. आठवीपर्यंत, नववी-दहावीला हा हक्क नाही. आणि त्या हक्कात "याच शाळेत, याच मीडियमला" असं नाही, गावातली झेडपीची मराठी शाळा दाखवली तरी सरकारची जबाबदारी पुरी होते. हे तुम्हाला पटणार नाही मला माहिताय. दुसऱ्या इंग्लिश मीडियमची चौकशी मात्र आत्ताच चालू करा आणि निकालाच्याच दिवशी शाळेतून दाखला हातात घ्या, नंतर मालकाचा फोन लागत नाही.