घरात कोणी नव्हतं आणि दूध उतू जात होतं

खानापूर तालुक्यातल्या एका वाचक भगिनीचं सहा पानी पत्र आलंय. मेथडिस्ट ख्रिस्ती कुटुंब, वय ४१. गरजेपुरता मजकूर देते.

"ताई, माझे दीर मे २०२१ मध्ये कोरोनात गेले. तेव्हापासून ह्यांनी आमच्या चर्चला येणं सोडलं. शेजारच्या गावात एका भाऊंची प्रार्थना सभा असते, तिकडं जातात. ते भाऊ बायबलातली दानीएल आणि प्रकटीकरण ही पुस्तकं फळ्यावर मांडून दाखवतात. इस्राएल १९४८ ला झालं, आता तिकडं लढाई पेटली, आधार कार्ड म्हणजेच श्वापदाची खूण, दोन वर्षांत प्रभू येणार, असं सांगायलेत. ह्यांना आमचं एक एकर दहा गुंठे भातशेत विकून पैसा देवाच्या कामाला द्यायचाय. उतारा सासूबाईंच्या नावावर आहे, त्या अंगठा द्यायला तयार नाहीत. मुलगी पीयूसी सेकंडला, म्हणजे बारावीला आहे. तिला नर्सिंग करायचंय, तर हे म्हणतात, चार वर्षं शिकून काय करणार, तोवर जग राहणार काय? मागच्या आठवड्यात गिरणीतून दळण घेऊन आले, तर घरात कोण नाही. चुलीवर दूध उतू जात होतं आणि ह्यांच्या चपला दारात होत्या. मला वाटलं, झालं, सगळे वर प्रभूकडे उचलले गेले, मी एकटीच राहिले. पायातलं बळच गेलं. तेवढ्यात हे गोठ्यातून आले. काय झालं म्हणाले. मी म्हटलं, डोळ्यात धूर गेला. रात्री झोप येत नाही. संशय घेते म्हणून मी मागं राहीन काय? आणि ह्यांना कसं समजावू?"

पत्र वाचून मी पहिल्यांदा त्या चपलांपाशी थांबले. गोठ्यात अनवाणी जाणारा नवरा तुम्ही वीस वर्षं बघताय. तरीही त्या क्षणी तुम्हाला गोठा आठवला नाही, प्रकटीकरण आठवलं. ह्यात तुमच्या श्रद्धेचा काही दोष नाही. जेवताना, झोपताना, मोबाइलवर, तीन-तीन वर्षं एकच गोष्ट कानावर पडत राहिली तर मन असंच वागतं. झोपेचं म्हणाल तर आणखी दोन-तीन आठवडे असंच चाललं तर डॉक्टरांना दाखवा. प्रार्थना करायचीच आहे, पण डॉक्टरलाही दाखवायचं.

आणि झोपेवरून एक सांगते. 'जागे राहा' हे वचन तुमच्या घरी रोज निघत असणार. ज्या दहा कुमारिकांच्या दाखल्यात ते येतं तो मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पंचविसावा अध्याय नीट वाचा. वराला उशीर झाला तेव्हा दहाच्या दहा जणी झोपल्या. शहाण्या पाचही झोपल्या. त्यांच्याकडे तेल होतं, म्हणून त्यांना झोप परवडली.

आता गिरणी. दोन बायका जात्यावर दळत असतील, एक घेतली जाईल, एक ठेवली जाईल, हे वचन तुमच्या डोक्यात असल्याशिवाय दळणाचा डबा हातात असताना तुम्ही एवढ्या घाबरला नसता. ते मत्तय २४ मध्ये आहे. त्याच्या अगदी आधीच्या ओळी नोहाच्या आहेत. तिथे कोण नेलं गेलं? पूर आला आणि ज्यांना वाहवून नेलं ते. नोहा मागे राहिला. म्हणून काही अभ्यासक म्हणतात की ह्या उताऱ्यात 'घेतलं जाणं' भाग्याचं आणि 'ठेवलं जाणं' दुर्दैवाचं असं धरताच येत नाही. मी काही तुम्हाला नवा सिद्धांत शिकवत नाहीये. एवढंच सांगतेय की ज्या ओळीने तुमची झोप उडवली तिचा अर्थ फळ्यावर मांडला तितका सरळ नाही.

'उचलले जाणे' जिथून येतं ते प्रेषित पौलाने थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात आहे. पौलाने ते कुणाला लिहिलं? ज्यांची माणसं नुकतीच मेली होती त्यांना. प्रभू यायच्या आधीच आमची माणसं गेली, आता त्यांचं काय होणार, ही त्यांची काळजी होती. पौल सांगतो, ते आधी उठतील, मग आपण सगळे मिळून प्रभूला सामोरे जाऊ. आणि शेवटी म्हणतो, ह्या वचनांनी एकमेकांचं सांत्वन करा. घाबरवा असं तो म्हणत नाही. सामोरं जाण्यासाठी जो ग्रीक शब्द तिथे आहे तो त्या काळी राजा गावाकडे येत असताना लोक वेशीबाहेर जाऊन त्याला गावात घेऊन येत, त्यासाठीही वापरत. आपल्याकडे सीमांतपूजनाला मांडवातली माणसं वेशीवर जातात ती नवरदेवाबरोबर पळून जायला नव्हे, त्याला वाजतगाजत आत आणायला. विश्वासणाऱ्यांना शेवटच्या काळातल्या महासंकटाच्या आधी गुपचूप वर नेलं जाईल, ही मांडणी पसरली ती १८३० च्या दशकात, जॉन नेल्सन डार्बी ह्या धर्मोपदेशकापासून. ती मानणारे पुष्कळ भाविक लोक आहेत, मी त्यांना हसत नाही. पण त्याआधीची अठराशे वर्षं मंडळी 'तो पुन्हा येईल' असं म्हणतच उपासना करत आली आणि कुणाला रिकामं घर बघून धडकी भरत नव्हती.

तुमच्या पत्रातली पहिलीच ओळ दिराची आहे, मग पुढे सहा पानं त्यांचं नाव नाही. मला वाटतं सगळं तिथेच आहे. कोरोनात माणूस गेला की धड मातीलाही जाता आलं नाही, बऱ्याच घरांतून हेच झालं. तुमच्या यजमानांना त्या भाऊंनी फळ्यावर युद्धाची तारीख दिली असं तुम्हाला वाटतं. मला वाटतं, त्यांना धाकट्या भावाला भेटायची तारीख मिळाली. ती तुम्ही वाद घालून काढून घ्यायला गेलात तर ते हातची सोडणार नाहीत. थेस्सलनीकाकरांचा तो अध्याय दोघांनी मिळून वाचा, आणि दिराविषयी बोला. इस्राएलविषयी नको.

आता आधार कार्ड. ह्या शंकेची पत्रं मला दरवर्षी येतात; आधी बारकोड होता, मग लस आली. प्रकटीकरण १३ मध्ये श्वापदाची, म्हणजे देवाविरुद्ध उठलेल्या सत्तेची, उजव्या हातावर किंवा कपाळावर खूण आहे. पान उलटा, १४ व्या अध्यायाच्या पहिल्याच ओळीत कोकऱ्याच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या, लोकांच्या कपाळावरही नाव लिहिलेलं आहे. ती चिप आहे असं कुणी म्हणत नाही. तिथे आपण लगेच ओळखतो की ही आपण कुणाचे आहोत ह्याची गोष्ट आहे. मग १३ वा वाचताना ही अक्कल कुठे जाते?

हे पुस्तक योहानाने पात्म बेटावरून सात मंडळ्यांना पाठवलेलं पत्र आहे. इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया, लावदिकीया. सगळी गावं आजच्या पश्चिम तुर्कस्तानात येतात. ते इ. स. ९५ च्या आसपास लिहिलं गेलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. नीरो बादशहाने इ. स. ६४ मध्ये रोममधल्या ख्रिस्ती लोकांचा छळ केला होता, त्याची आठवण ताजी होती, आणि बादशहाला देव म्हणा असा दबाव ह्या गावांवर होता. उघड लिहिलं तर मान जायची. म्हणून खुणेची भाषा. हिब्रूत अक्षरांनाच आकड्यांची किंमत असते. 'नेरोन कैसर', म्हणजे नीरो बादशहा, ह्या अक्षरांची बेरीज ६६६ होते, तोच १३ व्या अध्यायातला श्वापदाचा आकडा. 'नेरोन'मधला शेवटचा 'न' काढला तर ६१६, आणि काही जुन्या हस्तलिखितांत खरोखर ६१६ आहे. सतराव्या अध्यायातले सात डोंगर म्हणजे रोम, हे त्या वाचकांना सांगावं लागत नव्हतं. बेळगावात 'किल्ला' म्हटलं की कुठला ते सांगावं लागत नाही, तसं. त्या पत्राचा आजच्या आपल्याशी संबंध आहेच, सत्ता स्वतःला देव म्हणवू लागली की तो प्रत्येक वेळी येतो. पण ते आधी त्या सात गावांचं पत्र आहे. दुसऱ्याचं पत्र उघडून त्यात आपल्या रेशन कार्डाचा नंबर शोधू नये. सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारक कॅल्विनने नव्या करारातल्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकावर भाष्य लिहिलं, प्रकटीकरणावर लिहिलं नाही. तुमच्या भाऊंच्या फळ्यावर मात्र सगळं सुटलेलं दिसतंय.

तारखांचं फार लिहीत नाही. अमेरिकेत विल्यम मिलर नावाच्या शेतकऱ्याने दानीएल ८ मधले २३०० दिवस वर्षं धरून मोजले, त्याच्या अनुयायांनी शेवटी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली. काहींनी शेतातलं पीक काढलंच नाही. २३ तारीख उजाडली. २०११ मध्ये हॅरल्ड कॅम्पिंग ह्या अमेरिकन रेडिओ उपदेशकाने २१ मे सांगितली, लोकांनी शिल्लक उधळली, मग त्याने २१ ऑक्टोबर सांगितली, आणि पुढच्या वर्षी चूक कबूल करणारं पत्र काढलं. आमच्या गल्लीत ३१ डिसेंबर १९९९ ला एका काकांनी दोन डबे रॉकेल आणि तीन डझन मेणबत्त्या भरून ठेवल्या होत्या. त्या मेणबत्त्या आम्ही पुढे दोन वर्षं लाइट गेली की लावत होतो. मार्क १३:३२ मध्ये येशू सांगतो की तो दिवस पुत्रालाही ठाऊक नाही. मग भाऊंना कळला कुठून? बायबलातल्या 'अनुवाद' ह्या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायाच्या शेवटी नियमच दिलाय: सांगितलेलं घडलं नाही तर ते परमेश्वराचं बोलणं नव्हे, अशा माणसाला भिऊ नका.

आणि आता शेत. ह्यासाठी यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ३२ वा अध्याय उघडा, सासूबाईंनाही जवळ बसवा. यरुशलेमला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलेला. ह्याच यिर्मयाने शहर पडणार असं जन्मभर सांगितलेलं, त्यापायीच तो पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत. तिथे त्याचा चुलतभाऊ हनमेल येतो आणि म्हणतो, अनाथोथचं माझं शेत विकत घे. गाव शत्रूच्या ताब्यात जाणार, शेताची किंमत शून्य. यिर्मया घेतो. सतरा शेकेल चांदी, म्हणजे साधारण २०० ग्रॅम, तराजूत तोलून देतो. खरेदीखत करतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो, एक प्रत मोहोरबंद आणि एक उघडी, आणि दोन्ही मातीच्या मडक्यात ठेवायला सांगतो, पुष्कळ दिवस टिकावीत म्हणून. तुम्ही कुंभारकामाच्या खानापूरच्या, मातीच्या भांड्यात ठेवलेलं काय किती टिकतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. अख्ख्या पवित्र शास्त्रात ज्याचं भाकीत तंतोतंत खरं ठरलं त्या संदेष्ट्याने शेवट डोळ्यांसमोर दिसत असताना जमीन घेतली, कारण ह्या देशात पुन्हा घरं, शेतं, द्राक्षमळे घेतले जातील असं देवाने सांगितलं होतं. आणि 'दोन वर्षांत सगळं ठीक होईल' अशी मुदत देणारा दुसरा संदेष्टा हनन्या? तो चार अध्याय आधी खोटा ठरलाय.

आपण सीमाभागातली माणसं. १९५६ पासून एका निकालाची वाट बघतोय, २००४ पासून तर दावा सुप्रीम कोर्टात आहे. वाट बघणं आपल्याला कुणी शिकवायला नको. पण निकाल लागेल म्हणून आपल्याकडे कुणी भाताचा तरवा टाकायचा थांबलाय का? वडील वाट बघत गेले, तरी त्यांनी घरावर कौलं घातलीच.

सासूबाईंचा अंगठा कुठेच लागू देऊ नका. खरेदीखतावर नाही, आणि 'नुसती सही आहे' म्हणून पुढे केलेल्या वटमुखत्यारपत्रावर तर नाहीच. उताऱ्याची ताजी नक्कल काढून आणा, मूळ कागद त्यांच्याच पेटीत राहू द्या. दशांश यजमानांनी त्यांच्या कमाईतून खुशाल द्यावा. मुलीचा सीईटीचा फॉर्म तुम्ही तिच्याबरोबर बसून भरा. लपून भरू नका, यजमानांना सांगून भरा, पण परवानगी मागू नका. दुसऱ्या थेस्सलनीकाकरांसमध्ये पौल काम सोडून बसलेल्यांनाच झापतोय, तो तिसरा अध्याय तेव्हा जवळ ठेवा. भाऊंशी चारचौघांत भांडायला जाऊ नका. यजमानांनी एकट्याने जाऊन त्यांना एवढंच विचारावं की भाऊ, तुमच्या स्वतःच्या गाडीचे हप्ते किती वर्षांचे आहेत?

तुमच्या चर्चच्या पाळकांना घरी बोलवा, पण पहिल्या भेटीत प्रकटीकरण नको म्हणून आधीच सांगा. दिरासाठी प्रार्थना करायला बोलवा. ती राहूनच गेली असावी.

आणि यजमानांना तुम्ही धुराचं सांगितलंत ते खोटं होतं. आज संध्याकाळी दूध तापवताना त्यांना चुलीजवळ बोलवा आणि त्या दिवशी काय वाटलं होतं ते सांगा. ह्या शिकवणीने घरातली बाई नवऱ्याच्या चपला बघून रडते, हे त्यांना अजून माहीतच नाही.