केस ब्लाँड केल्यावर ते पिवळे-केशरी पडू नयेत म्हणून काय करावे?

जांभळा शॅम्पू आणा, असं तुम्हाला दहा जण सांगतील. मलाही सांगितलं होतं.

पुतण्याच्या लग्नाआधी महिनाभर नागपुरात धरमपेठेतल्या एका पार्लरमध्ये मी अख्खे केस ब्लाँड करून घेतले. निघाले तेव्हा मस्त राखाडी-सोनेरी होते. तिसऱ्या आठवड्यात टोनर, म्हणजे ब्लीचनंतर वरून चढवलेला हलका रंग, उतरायला लागला आणि खालून तांब्याची परात निघाली. डिसेंबरात हळदीच्या मांडवात नणंदेच्या यजमानांनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय वहिनी, यंदा आंबिया बहार जोरात दिसते?" काटोलचे आहेत, घरी संत्र्याची बाग. त्यांना दुसरं सुचणार तरी काय!

पार्लरवाल्या ताईला फोन केला तर म्हणे, तुमच्या बेसा भागातल्या बोअरचं पाणी खराब आहे, जांभळा शॅम्पू लावा. तोही तिच्याकडूनच घेतला. दोन-तीन मिनिटं ठेवायचा तो मी रागारागात वीस मिनिटं ठेवला. कपाळावरचे चार पांढरे केस जांभळे झाले, बाकीचं डोकं होतं तसंच. मग पंधरा दिवस माहेरी, महाल भागात राहून नळाच्या पाण्यानं धुतले. ढिम्म फरक नाही.

कारण जांभळा पिवळ्याला मारतो, केशरीला निळा लागतो. काळ्या केसातला काळा-तपकिरी रंग ब्लीचनं आधी तुटतो, तांबूस-पिवळा चिवट असतो. केस सात नंबरच्या केशरीवर (पार्लरवाल्यांच्या पट्टीत एक नंबर काळा, दहा फिका पिवळा) असतानाच ब्लीच धुऊन वरून टोनर चोपडला, तर तो उतरल्यावर केशरीच दिसणार ना बाप्पा. राखाडी ब्लाँड हवा असेल तर टोनर लावायच्या आधी आरसा मागा. केळीच्या सालीच्या आतल्या बाजूसारखा फिका पिवळा दिसला पाहिजे. एका बैठकीत तिथवर नेते म्हणणारीकडून उठून या, आणि चाळीस व्हॉल्यूमचं डेव्हलपर, म्हणजे ब्लीचमध्ये कालवायचं जहाल पेरॉक्साइड, टाळूजवळ येऊ देऊ नका. टोनर चार-सहा आठवड्यांनी परत करावाच लागतो, तो खर्च धरूनच या फंदात पडा.

पाण्याचं म्हणाल तर ताई अगदीच खोटं बोलत नव्हती. आमच्या बादलीला पांढरा थर बसतो, आणि क्षार, लोह केसांवर बसले की रंग आणखी मळतो. महिन्यातून एकदा हा थर काढणारा क्लॅरिफाइंग शॅम्पू, वर कंडिशनर. मे महिन्यातलं ऊनही रंग खातं, पण स्कूटीवर स्कार्फ आपण तसाही गुंडाळतोच.

आणि हो, एक राहिलंच. दर उन्हाळ्यात डोकं थंड राहावं म्हणून आई माझ्या केसांना मेहंदी थापायची. मेहंदीचा रंग केसाला असा धरून बसतो की ब्लीच केलं तरी केशरीच उरतो. हे मी ताईला सांगितलं नव्हतं. पण वीस वर्षं पार्लर चालवते म्हणते, तर विचारायला नको होतं तिनं?