वाचकांचे प्रश्न : क्लोन वासराची किंमत कोण मोजते?

प्रश्न : क्लोन केलेल्या, म्हणजे एका जनावराच्या पेशीपासून त्याची हुबेहूब प्रत म्हणून जन्माला घातलेल्या जनावरांचे दूध आणि मांस सुरक्षित असल्याचा निर्वाळा तज्ज्ञांनी दिला असताना त्यावर नैतिक आक्षेप का घेतला जातो? हुबेहूब जुळी वासरे निसर्गातही जन्मतातच ना?

उत्तर : सुरक्षिततेपुरते आपले म्हणणे मान्य आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जानेवारी 2008 मध्ये क्लोन केलेल्या गाई, डुकरे आणि शेळ्या यांचे अन्न नेहमीच्या अन्नाइतकेच सुरक्षित ठरवले. परंतु तो निर्णय खाणाऱ्याविषयीचा होता. आक्षेप आहे तो जनावराच्या हालांविषयीचा, आणि त्यातही जन्मलेल्या वासरापेक्षा ते पोटात वाढवणाऱ्या गाईच्या हालांविषयीचा. हुबेहूब असण्यात गैर काहीच नाही. म्हणून जुळ्यांचा दाखला येथे लागू पडत नाही.

स्कॉटलंडमधील रोझलिन संस्थेत 5 जुलै 1996 रोजी जन्मलेल्या डॉली या क्लोन मेंढीसाठी प्रौढ मेंढीच्या कासेतील पेशी आणि केंद्रक (जनुके असलेला गाभा) काढून घेतलेले बीजांड यांचा संयोग 277 वेळा घडवण्यात आला; त्यातून गर्भाशयात ठेवण्याजोगे 29 भ्रूण मिळाले आणि कोकरू जन्मले ते एकच. तंत्र पुढे सुधारले, तरी गाईंमध्येही बहुतेक भ्रूण वासरापर्यंत पोहोचत नाहीत, कारण प्रौढ पेशीतील कोणती जनुके चालू आणि कोणती बंद ही मांडणी बीजांडात पूर्णपणे नव्याने बसत नाही आणि त्याचा मोठा फटका वारेला, म्हणजे पोटातल्या गर्भाला पोसणाऱ्या अवयवाला बसतो. काही गाई मध्येच गाभडतात. काहींच्या गर्भाशयात इतके पाणी साचते की त्यांना उठून उभे राहणेही जड जाते. वासरू अवाजवी मोठे झाले तर गाय अडते आणि अनेकदा पोट चिरूनच ते बाहेर काढावे लागते.

(डॉली क्लोन असल्यामुळे अकाली म्हातारी होऊन मेली, हे मात्र आक्षेपाच्या समर्थनार्थ सांगू नये. तिला 2003 मध्ये दयामरण दिले गेले ते विषाणूमुळे झालेल्या फुप्फुसाच्या गाठींमुळे, आणि तिच्याच पेशीसंचातून जन्मलेल्या चार मेंढ्या पुढे निरोगीपणे वयस्क झाल्याचे 2016 मध्ये प्रसिद्ध झाले.)

युरोपीय संसदेने सप्टेंबर 2015 मध्ये शेतीतील जनावरांच्या क्लोनिंगवर बंदी घालण्याच्या बाजूने मतदान केले, आणि दूध वाढवण्यापुरता विचार केला तर मला ती भूमिका पटते, कारण उत्तम वळूच्या वीर्याने कृत्रिम रेतन करून तेच उद्दिष्ट, थोडे सावकाश का होईना, साधता येते. नामशेष होऊ घातलेल्या जातीची शेवटची काही जनावरे उरली असतील, तर माझे उत्तर इतके ठाम राहणार नाही. तरीही किती गाई गाभडल्या आणि किती अडल्या याची नोंद आधी मागावी.