कायदा आणि आपण : भाडेकरूंचा पूर्वेतिहास संकेतस्थळावर टाकावा का?

प्रश्न : एका भाडेकरूने माझे सात महिन्यांचे भाडे थकवले आणि घराची नासधूस करून तो निघून गेला. इतरांवर अशी वेळ येऊ नये म्हणून आम्ही काही घरमालक मिळून एक संकेतस्थळ सुरू करणार आहोत. त्यावर भाडेकरूचे नाव, छायाचित्र आणि त्याच्या भाड्याच्या व्यवहारांच्या नोंदी कोणालाही पाहता येतील. माहिती संपूर्ण खरी असेल. तरीही यात कायदेशीर धोका आहे का?

उत्तर : तुमचे नुकसान मोठे आहे आणि इतरांना सावध करण्याची तुमची तळमळही मला समजते, तरीही हे संकेतस्थळ सुरू करू नका, असाच माझा स्पष्ट सल्ला आहे. माहिती खरी आहे हे तुम्हाला ठाऊक असणे वेगळे आणि ती न्यायालयात सिद्ध करता येणे वेगळे. थकलेले भाडे बँकेच्या नोंदींवरून दाखवता येईल, पण गळती दुरुस्त करून मिळाली नाही म्हणून भाडे रोखले, किंवा थकबाकी अनामत रकमेतून वळती करून घेण्याचे तोंडी ठरले होते, असे भाडेकरू म्हणू शकतो. ‘नासधूस’ हा तर तुमचा निष्कर्ष झाला. ताबा देतानाची आणि परत घेतानाची छायाचित्रे व दोघांच्या सह्यांची यादी हाताशी नसेल, तर तो टिकवणे अवघड जाते.

शिवाय सत्याचा बचाव सगळीकडे सारख्या ताकदीचा नसतो. इंग्लंडमध्ये २०१३ च्या बदनामीविषयक कायद्यानुसार विधान मूलतः खरे असल्याचे सिद्ध झाले की बचाव पुरा होतो. भारतात मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खालील फौजदारी खटल्यात सत्याचा बचाव घ्यायचा, तर ते विधान प्रसिद्ध करणे लोकहिताचे होते, हेही दाखवावे लागते.

एक फरक नीट लक्षात घ्यावा. नव्या घरमालकाने तुम्हाला विचारले आणि तुम्ही सद्भावनेने, विचारले तेवढेच सांगितले, तर अनेक देशांचे कायदे त्या उत्तराला काही प्रमाणात संरक्षण देतात, कारण विचारणाऱ्याचा त्यात रास्त हितसंबंध असतो. तोच मजकूर साऱ्या जगापुढे मांडला की हे संरक्षण बहुधा गळून पडते, कारण वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांचा त्या घराशी काडीचाही संबंध नसतो.

दुसरा धोका वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा आहे आणि माझ्या मते तो अधिक गंभीर आहे. भाडेकरूने नाव, छायाचित्र आणि ओळखपत्र तुम्हाला भाडेकरारासाठी दिलेले असते. त्या कारणासाठी घेतलेली माहिती दुसऱ्याच कारणासाठी उघड करणे, यालाच हे कायदे हरकत घेतात. ‘आम्ही काही कंपनी नाही’ हे उत्तरही पुरेसे पडत नाही. स्वीडनमधील एका बाईंनी चर्चमधील सहकाऱ्यांची माहिती स्वतःच्या वेबपानावर टाकली होती. त्या लिंडक्विस्ट प्रकरणात युरोपीय न्यायालयाने २००३ मध्ये ठरवले की आंतरजालावर सर्वांसाठी खुली केलेली माहिती खासगी, घरगुती वापरात मोडत नाही. अमेरिकेत इतरांना पुरवण्यासाठी भाडेकरूंचे अहवाल पद्धतशीरपणे तयार करणाऱ्या संस्थांना १९७० चा पत-अहवालविषयक कायदा लागू होतो. अचूकतेची काळजी घेणे आणि भाडेकरूने हरकत घेतल्यास नोंद तपासणे त्यांना बंधनकारक असते, तर बहुतेक प्रतिकूल नोंदी सात वर्षांनंतर अहवालात देता येत नाहीत. तुमच्या योजनेत हरकत घेण्याची सोय नाही आणि नोंदीला मुदतही नाही.

इतर घरमालकांनी केलेल्या नोंदींचे काय, हेही ठरवायला हवे. कोणी रागाच्या भरात खोटे लिहिले, किंवा एकाच नावाच्या दोन माणसांची गल्लत होऊन भलत्याच कुटुंबाला घर नाकारले गेले, तर नोटीस संकेतस्थळ चालवणाऱ्यालाही येऊ शकते. दावा केवळ दाखल झाला होता की त्याचा निकाल लागला होता, हा फरकही अशा याद्यांत पुसला जातो.

थकबाकीसाठी वसुलीचा दावा करा. यापुढे, आधीच्या घरमालकाकडे चौकशी करण्यास भाडेकरूची लेखी संमती करारापूर्वीच घ्या आणि तुम्हाला कोणी विचारले तर तारखा, रकमा व निकालाची प्रत एवढ्यावरच थांबा.

प्रश्न : माझे नाव अशाच एका यादीत आहे. थकबाकी मी तीन वर्षांपूर्वीच चुकती केली आहे. मी काय करावे?

उत्तर : सर्वप्रथम त्या पानाची तारखेसह, पूर्ण पत्त्यासह प्रत जपून ठेवा, कारण तक्रार जाताच मजकूर नाहीसा होतो आणि पुरावाही त्याच्याबरोबर जातो. मग पावती जोडून संकेतस्थळ चालवणाऱ्याला दुरुस्तीची किंवा नोंद काढून टाकण्याची लेखी मागणी करा. युरोपीय संघात २०१८ पासून लागू असलेल्या नियमावलीत ठरावीक परिस्थितीत माहिती पुसून मागण्याचा स्पष्ट हक्क आहे. त्या नोंदीमुळे घर नाकारले गेले असेल, तर ते कारण घरमालकाकडून लेखी मिळवण्याचा प्रयत्न करा. नुकसानभरपाईच्या दाव्यात त्या कागदाचा मोठा आधार होईल. बदनामीच्या दाव्याची मुदत मात्र बहुतेक ठिकाणी थोडी असते, म्हणून वकिलाची भेट लांबणीवर टाकू नका.